चेंडू आणि चरितार्थ

पनवेल म्हणजे बैलगाडीच्या चाकांचें गांव, अशी या शहराची ओळख जुन्या पिढीला होती. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, १९९८ सालीं हार्बर मार्गाची लोकल गाडी येथवर आली आणि २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मधल्या काळांत खारघर-कामोठ्यापासून नव्या पनवेलपर्यंत उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. ह्या वसाहतींच्या आवारांत कोठें कोठें एक नवी वस्तु दृष्टीस पडते: एक लोखंडी खांब, खांबावर एक फळी आणि फळीला एक कडें. संध्याकाळीं दिवे लागले तरी त्या कड्याखालीं चेंडू आपटल्याचा आवाज थांबत नाहीं.

अशाच एखाद्या घरांतला मुलगा दहावीच्या वर्षीं एके रात्रीं जेवतां जेवतां म्हणतो, “बाबा, मला बास्केटबॉलमध्येंच पुढें जायचें आहे.” घरांत क्षणभर शांतता पसरते. आई वाढतां वाढतां थांबते. वडील रागावत नाहींत; परंतु त्यांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, “अरे, पण त्यांत पोट भरतें का?”

हा प्रश्न अरसिकपणाचा म्हणून हंसण्यावारीं नेऊं नये. ज्यांच्या शिरावर घर चालविण्याचा भार आहे, त्यांनीं तो विचारलाच पाहिजे. खेळानें शरीर सुधारतें, खेळानें शिस्त लागते, हीं वाक्यें खरीं असलीं तरी त्यांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर होत नाहीं. आईबापांस हिशेब हवा असतो. आणि तो मांडावयाचा तर आधीं खेळ कसा आहे आणि आपल्या देशांत त्याचा धंदा कसा चालतो, हें पाहिलें पाहिजे.

हुतूतू किंवा आट्यापाट्या कोणीं शोधून काढल्या, हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. बास्केटबॉलचें तसें नाहीं. १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए. ह्या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शिक्षणालयांत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या मूळच्या कॅनडांतील शिक्षकानें तो बसविला. बाहेर कडाक्याची थंडी, आंत रोजची तीच ती कवायत. वर्गांतील अठरा विद्यार्थी कंटाळून गेलेले. त्यांस गुंतवून ठेवील, परंतु बंदिस्त जागेंत कोणाचे हातपाय मोडणार नाहींत, असा खेळ नेस्मिथला हवा होता. त्यानें तेरा नियम लिहून काढले आणि व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोंकांस पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकविल्या. टोपलीला बूड होतें. त्यामुळें चेंडू आंत पडला कीं शिडी लावून तो काढावा लागे.

तो सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर बसली. त्यामागें दुसरें कांहीं शास्त्र नव्हतें. परंतु टोपली जाऊन लोखंडी कडें आलें, बूड जाऊन जाळी आली, तरी सव्वाशेंहून अधिक वर्षें ती उंची तीच राहिली आहे. एका सज्जाच्या उंचीनें जगांतील हजारों उंच माणसांचें भवितव्य ठरविलें, असें म्हटलें तरी चालेल.

आजच्या खेळांत एका बाजूस पांच गडी असतात. मैदान अवघें २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असतें. चेंडू हातांत धरून पळतां येत नाहीं. तो आपटीत न्यावा लागतो किंवा सोबत्याकडे फेंकावा लागतो. चेंडू ताब्यांत आला कीं चोवीस सेकंदांच्या आंत तो कड्याकडे मारलाच पाहिजे. दहा दहा मिनिटांचे चार डाव होतात. धांवणें, एकदम थांबणें, वळणें आणि उडी घेणें हें सारखें चाललेलें असतें. ह्या खेळाचें सौंदर्य ह्या वेगांत आहे. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें त्याची किंमतही तेथेंच मोजावी लागते.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः शिक्षकांच्या हातून पसरला. १९२० सालीं हॅरी क्रो बक ह्यांनीं मद्रास येथें वाय. एम. सी. ए. तर्फे शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनीं तो आपापल्या शाळांत नेला. १९३४ सालीं दिल्लीस पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० सालीं भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

मुंबईंत ह्या खेळानें खरें मूळ धरलें तें नागपाड्यांत. पनवेलची लोकल गाडी मुंबईच्या बंदराकडेनें ज्या दाट वस्तीजवळून जाते, तिच्यांतच भायखळ्याच्या दक्षिणेस हा मोहल्ला आहे. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशर्ट ह्यांनीं तेथें ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ नांवाचें समाजसेवेचें केंद्र उघडलें. १९३६ सालीं ह्याच केंद्रांत टाटांच्या देणगींतून समाजकार्याचें जें विद्यालय सुरूं झालें, तेंच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देशभर नांवाजलें. ह्या भागांत चाळी, वखारी आणि दुकानें एकमेकांस चिकटून आहेत. क्रिकेटचें पटांगण तेथें कोठून मिळावें? परंतु अठ्ठावीस मीटर लांबीचा तुकडा कसाबसा निघाला. ज्यांनीं तेथल्या मुलांस वर्षानुवर्षें शिकविलें, त्यांपैकीं बच्चू खान ह्यांचें नांव आज तेथील महापालिकेच्या क्रीडांगणासच दिलेलें आहे.

ह्या मोहल्ल्यानें देशास एकामागून एक खेळाडू दिले. त्यांत गुलाम अब्बास मुंतसिर ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. १९७० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७५ सालीं बँकॉक येथें झालेल्या आशियाई अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत ते भारतीय संघाचे नायक होते, आणि त्या स्पर्धेंत भारताचा संघ चौथा आला. मोठें पटांगण नाहीं, श्रीमंत आश्रय नाहीं, तरी हें कसें घडलें? त्याचें उत्तर साधें आहे. घराजवळ एक मैदान होतें, रोज येणारा शिक्षक होता आणि वडील मुलांचा खेळ पाहून धाकटीं मुलें शिकत होतीं. ह्या तीन गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें खेळाडू निपजतात. पनवेलच्या वसाहतींत खांब आणि कडें आलें आहे, म्हणजे तिहींपैकीं एक गोष्ट आली आहे. दुसऱ्या दोन अजून मिळवावयाच्या आहेत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावयाचें. हा खेळाडू जेवतो कशावर?

अमेरिकेंत ह्याचें उत्तर सरळ आहे. तेथें संघाचा मालक खेळाडूस खेळण्याबद्दलच वेतन देतो. आपल्याकडे बहुतेक बास्केटबॉलपटूंस पगार मिळतो तो नोकरीबद्दल, आणि नोकरी मिळते ती खेळाबद्दल. हा भेद एकदां लक्षांत आला म्हणजे बाकीचा हिशेब आपोआप उलगडतो.

खेळाडूनें नोकरी करावी आणि नोकरीच्या ठिकाणच्या संघाकडून खेळावें, ही पद्धति महाराष्ट्राला नवी नाहीं. पळवणकर बाळू ह्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. चांभार समाजांत जन्मलेले बाळू पुण्यास गोऱ्या साहेबांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. पगार दरमहा चार रुपये. सरावासाठीं साहेबांस चेंडू टाकतां टाकतां ते असे तयार झाले कीं हिंदूंच्या संघास त्यांच्यावांचून चालेना. पुढें मुंबईंत ते एका रेल्वे कंपनीच्या नोकरींत होते व तिच्या संघाकडून खेळत. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. तरीही जातीमुळें नायकपद त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांस मिळालें. विठ्ठलांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ ह्या नांवाचें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. खेळानें पोट भरतें काय, आणि मान मिळतो काय, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हें ह्या कुटुंबाच्या कहाणीवरून कळून येतें.

आजचा बास्केटबॉलपटू त्याच वाटेनें जातो. फक्त तिला आतां पायऱ्या पडल्या आहेत. पहिली पायरी शाळेची. शाळेच्या संघांतून जिल्ह्याच्या संघांत, तेथून राज्याच्या संघांत, आणि राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेंत. ह्या स्पर्धा वयाच्या गटांप्रमाणें होतात. त्यामुळें चौदाव्या-पंधराव्या वर्षींच मुलाचें नांव निवड करणाऱ्यांच्या कानांवर जाऊं लागतें. महाविद्यालयांत गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडाप्रबोधिनी आहेत, आणि १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें उभारलेलें पुण्याजवळील बालेवाडीचें क्रीडासंकुल आहे.

पुढची पायरी निर्णायक असते. भारतीय रेल्वे, सैन्यदलें, निरनिराळ्या राज्यांचीं पोलिसखातीं, तेल व नैसर्गिक वायु महामंडळ, आयकरखातें, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्था खेळाडूंसाठीं कांहीं जागा राखून ठेवतात. रेल्वेच्या जाहिरातींत वयाची अट साधारणतः अठरा ते पंचवीस वर्षें असते. उमेदवाराची मैदानावर चांचणी होते, कोणत्या स्पर्धेंत कितवा क्रमांक मिळविला तें तपासलें जातें, आणि शिक्षणालाही गुण असतात. जागा जितकी वरची, तितकी शिक्षणाची अटही वरची. नोकरी लागल्यावर सरावासाठीं कामांतून सवलत मिळते आणि स्पर्धांसाठीं विशेष रजा मिळते. शरीर थकलें म्हणजे खेळ सुटतो. नोकरी सुटत नाहीं. तो मनुष्य कचेरींतील इतरांसारखा काम करूं लागतो, कांहींजण संस्थेचे प्रशिक्षक होतात, आणि पुढें निवृत्त होतात. शिवाय महाराष्ट्र शासनानें २००५ सालापासून आपल्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठीं पांच टक्के आरक्षण ठेविलें आहे. मध्यंतरीं कांहीं खोटीं प्रमाणपत्रें उघडकीस आल्यामुळें त्यांची पडताळणी कसून होते. मान्यताप्राप्त स्पर्धेचें प्रमाणपत्र नसेल तर घरांतल्या कपाटांत कितीही चषक असले तरी त्यांचा येथें उपयोग होत नाहीं.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘अभ्यास कीं खेळ’ हा वाद पुष्कळ घरांत होतो. परंतु ह्या वाटेवर तो वादच चुकीचा आहे. पुस्तक टाकून चेंडू धरणाऱ्या मुलास मैदानावरच्या चांचणींत पूर्ण गुण मिळूनही अर्जाच्या कागदावरच अडावें लागेल.

आतां संख्येचा हिशेब. एका संघांत बारा खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धेंत तीस संघ आले असें धरलें, तर सारे मिळून तीनशेंसाठ होतात. एवढ्या मोठ्या देशांत ह्या खेळाच्या वरच्या माडीवर एवढींच माणसें मावतात. अमेरिकेंतील एन. बी. ए. ह्या प्रख्यात संघटनेंत तीस संघ आणि प्रत्येकाचे पंधरा कायम खेळाडू, म्हणजे अवघ्या साडेचारशें जागा. आणि त्यांसाठीं साऱ्या जगांतले तरुण झटत असतात.

त्या जागांच्या दारापर्यंत पोंचलेल्या एका भारतीय तरुणाची हकीकत प्रत्येक पालकानें ऐकून ठेवावी. पंजाबांतील बल्लो के गांवचा सतनाम सिंग हा शेतकऱ्याचा मुलगा. उंची सात फूट दोन इंच. लुधियान्याच्या अकादमींत तो तयार झाला आणि २०१० सालीं, चौदा वर्षांचा असतांना, अमेरिकेंत फ्लॉरिडा येथें शिकावयास गेला. २०१५ सालीं डॅलसच्या संघानें बावन्नाव्या क्रमांकावर त्याची निवड केली. भारतांत जन्मलेल्या खेळाडूची अशी निवड त्यापूर्वीं कधींच झाली नव्हती. सगळ्या वर्तमानपत्रांनीं त्याचें छायाचित्र छापलें. परंतु निवड होणें निराळें आणि मैदानावर उतरणें निराळें. दोन वर्षें तो दुय्यम संघांत खेळला. मुख्य संघाच्या एकाही नियमित सामन्यांत त्यास उतरतां आलें नाहीं. तो परत आला, नंतर कांहीं काळ कॅनडांत खेळला. २०१९ सालच्या उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीवरून त्यास दोन वर्षांची बंदी झाली. त्यानंतर अमेरिकेंतील एका व्यावसायिक कुस्ती-कंपनीनें त्यास करारबद्ध केलें आणि २०२२ पासून तो तेथें आखाड्यांत उतरूं लागला. त्याचा चरितार्थ चालला, नांवही झालें; परंतु ज्या चेंडूसाठीं चौदाव्या वर्षीं घर सोडलें, तो चेंडू हातांत राहिला नाहीं.

उलट दाखलाही आहे. पंजाबचाच अमृतपाल सिंग हा शेतावर काम करणारा तरुण. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षांपर्यंत त्यानें बास्केटबॉल हातांतही घेतला नव्हता. उशिरां शिकूनही तो भारताचा नायक झाला आणि २०१७ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी किंग्ज ह्या संघानें त्यास वेतन देऊन घेतलें. तेव्हां उंच मुलाचें नशीब लिहिलेलेंच आहे आणि ठेंगण्याचें दार बंदच आहे, असें समजूं नये. अमेरिकेंतील मग्झी बोग्ज हा खेळाडू अवघा पांच फूट तीन इंच उंच असून एन. बी. ए. मध्यें १९८७ पासून २००१ पर्यंत खेळला. चेंडू चपळाईनें नेणारा आणि सोबत्यांस तो नेमका पोंचविणारा गडी प्रत्येक संघास लागतोच.

आपल्या देशांत निव्वळ खेळाबद्दल पैसे देणारे संघ काढण्याचे प्रयत्न झाले नाहींत, असें नाहीं. २०१५ सालीं यू. बी. ए. नांवाची स्पर्धा-मालिका सुरूं झाली. तिच्यांत ‘मुंबई चॅलेंजर्स’ होते आणि ‘पुणे पेशवाज’ही होते. २०१७ सालीं ती बंद पडली. २०२२ सालीं महासंघाच्या पाठिंब्यानें आय. एन. बी. एल. ही नवी मालिका निघाली. २०१९ च्या ऑक्टोबरांत एन. बी. ए. च्या दोन संघांनीं मुंबईस वरळीच्या सभागृहांत सामने खेळून दाखविले आणि तिकिटांसाठीं झुंबड उडाली. ह्या साऱ्यांतून कांहीं दिवसांचें मानधन आणि मोठा अनुभव मिळतो. परंतु जी मालिका दोन-तीन वर्षांत मिटूं शकते, तिच्यावर घराचें भाडें आणि धाकट्या बहिणीचें शिक्षण सोंपवितां येत नाहीं. म्हणूनच चांगले चांगले खेळाडूही आपली नोकरी संभाळून अशा मालिकांकडे वळतात.

हाच हिशेब मुलींच्या बाबतींत अधिक काळजीनें मांडावा. कारण त्यांच्यासाठीं निव्वळ खेळाचे पैसे देणारे संघ आणखी थोडे आहेत. येथें रेल्वेचे उपकार मोठे आहेत. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला-संघ वर्षानुवर्षें बलाढ्य राहिला तो उगीच नव्हे. खेळणाऱ्या मुलीस कायमची नोकरी देणारें दार त्यानें उघडें ठेविलें. केरळच्या गीतू ॲना जोस ह्या दक्षिण रेल्वेच्या नोकरींत असतांनाच ऑस्ट्रेलियांतील संघाकडून खेळून आल्या, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील महिलांच्या संघांनीं त्यांची चांचणी घेतली. २०१४ चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमये ह्यांनीं भारतीय महिला-संघाचें नेतृत्व केलें. पनवेलच्या घरांतील मुलीनें हट्ट धरला, तर ही नांवें तिच्या आईस सांगतां येतील.

शेवटीं शरीराचा हिशेब. सारख्या उड्या आणि एकदम थांबणें ह्यांमुळें घोटा आणि गुडघा ह्यांवर फार ताण पडतो. गुडघ्यांतील बंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांची विश्रांति लागते. कांहींचा खेळ तेथेंच संपतो. दुखापत झाली नाहीं तरी पस्तिशीच्या सुमारास खेळाडू म्हातारा ठरतो. ज्या वयांत वकील वा वैद्य नांवारूपास येऊं लागतो, त्या वयांत ह्याचा धंदा आटोपतो. त्यापुढें पंचवीस वर्षें कशीं काढावयाचीं, ह्याची तजवीज विसाव्या वर्षींच करावी लागते. ताकद वाढविण्याचीं चूर्णें आणि औषधें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत, हेंही तेव्हांच बजावून ठेवावें. एका चुकीच्या पुडीपायीं दोन वर्षें मैदान बंद होतें, आणि अशीं वर्षें परत मिळत नाहींत.

तेव्हां जेवणाच्या ताटावर विचारलेल्या त्या प्रश्नाला वडिलांनीं काय उत्तर द्यावें? नकार देण्याची घाई करूं नये, आणि उद्यांच अमेरिकेस पाठविण्याचीं स्वप्नेंही पाहूं नयेत. मुलगा रोज न चुकतां मैदानावर जातो काय, हें वर्षभर पाहावें. त्यास शिकविणारा मनुष्य कोण आहे, तें स्वतः जाऊन पाहावें. ज्या स्पर्धेंत तो खेळतो ती मान्यताप्राप्त आहे काय, तिचें प्रमाणपत्र जपून ठेविलें आहे काय, ह्याची चौकशी करावी. एवढें केल्यावर त्यास स्पष्ट सांगावें: “बाळ, पोट भरतें; पण तें नुसत्या चेंडूनें नव्हे, चेंडूनें मिळालेल्या नोकरीनें. त्या नोकरीला दहावी लागते, बारावी लागते आणि पुढें पदवीही लागते. सकाळीं मैदान, रात्रीं पुस्तक, दोन्ही सांभाळ. तुझ्या बुटांचे पैसे मी देईन.”

असें उत्तर ज्या घरांत मिळतें, त्या घरांतील मुलगा कदाचित् देशाच्या संघांत जाईल, कदाचित् रेल्वेच्या कचेरींत लागून राष्ट्रीय स्पर्धा खेळेल, आणि कदाचित् ह्यांपैकीं कांहींच न होतां दुसरा एखादा चांगला व्यवसाय करील. तिसऱ्या प्रसंगींही त्याचीं चार वर्षें वायां गेलीं असें होणार नाहीं. संध्याकाळीं घरीं परततांना आवारांतल्या कड्याखालीं तो क्षणभर थांबेल, आणि तेथल्या धाकट्या मुलांस चेंडू कसा धरावा तें दाखवील. नागपाड्याला जो शिक्षक मिळाला होता, तो पनवेललाही मग मिळेल.